बारा नंबरचा कान

दसरा झाला की आमच्याकडची हवा कोरडी होते, आणि हवा कोरडी झाली की रेझिन नीट वाळतं. मुळशीत राहून असा विचार करणारा बहुधा मी एकटाच उरलो असेन. बाकीच्यांना या दिवसांत भात दिसतं. मलाही दिसतं. पण माझ्या नाकात दोन वास कायमचे एकत्र बसले आहेत: कापून वाफ्यात पसरलेल्या इंद्रायणी भाताचा गोडसर वास, आणि फायबरच्या कापडावर थापलेल्या त्या दाट, चिकट रेझिनचा डोक्यात चढणारा वास. गेल्या आठवड्यात ओढ्यापलीकडच्या बंगलेवाल्यानं पोहण्याचा फायबरचा हौद बसवायला घेतला. वारा इकडचा होता. मी खळ्याच्या कडेला उभा होतो, मजूर हिंदीत एकमेकांना हाका मारत भारे वाहत होते, आणि अचानक दोन्ही वास एकदम आले. मला खाली बसावं लागलं. मजुरांना वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

ऊन नव्हतं लागलं.

आमच्या तालुक्यात एके काळी मोटारी बनत होत्या, हे आता कुणाला सांगून खरं वाटत नाही. मोटारी म्हणजे कशाही नव्हेत. दोन दारं, दोन माणसं, छप्पर मागे उतरत गेलेलं, जमिनीला पोट लावून पळणारी, आकारानं छोटी आणि वेगाला भलतीच. साहेब तिला स्पोर्ट्स कूपे म्हणत. गावात ती म्हणजे टिटवी. हे नाव साहेबांनीच ठेवलेलं. टिटवीनं समुद्र आटवायला घेतला होता ना, मग आपणही घेऊ, असं ते हसून सांगायचे. पुण्यातली मोठ्या कारखान्यातली नोकरी सोडून हा माणूस पौड रस्त्याच्या आत, माझ्या चुलतभावाच्या म्हशींच्या गोठ्यात येऊन बसला होता. म्हशी एका बाजूला, साहेबांचं ड्रॉइंगचं टेबल दुसऱ्या बाजूला. पुढे गोठ्याची शेड झाली, शेडीत तेवीस माणसं कामाला लागली. तपासनीस म्हणून मी होतो. आयटीआय झालेला, पिंपरीला काही वर्षं काढलेला, घरचा शेतकरी. सगळे मला तेव्हापासूनच नाना म्हणतात.

पहिल्या गाडीचा आकार कागदावर देखणा होता, पण तो मातीत उतरेना. शेवटी साहेबांनी गणपती करणारा एक मूर्तिकार आणला. त्यानं शाडू आणि प्लास्टरमध्ये मागची बाजू अशी काही वळवली की आम्ही बघत राहिलो. टिटवीला मागून गणपतीच्या पोटाची गोलाई आहे असं आम्ही म्हणायचो, आणि ते खरं होतं. त्या मातीवरून साचा निघाला, साच्यावर फायबरचं कापड आणि रेझिन थापून गाडीचं अंग निघालं. पहिल्या गाडीची दारं लागायची नाहीत. दुसरीची काच पावसात गळायची. तिसरीत बसून साहेब मुंबईला गेले आणि टो करून परत आले. चौथ्या गाडीपासून इंजिनाला दोन कार्ब्युरेटर लागले आणि तिचा आवाज बदलला, तो आवाज ऐकून माझी आई म्हणायची, "आलं बघ तुजं पाखरू." सातवी लाल होती. नववीचं छप्पर दोन बोटं खाली आणलं. अशा बारा गाड्या झाल्या. तेरावीचं पुढचं अर्धं अंग साच्यातून निघालं आणि तिथंच सगळं थांबलं. ते अर्धं अंग आजही माझ्या परसात उलटं पडलेलं आहे. त्याच्याखाली कोंबड्या अंडी घालतात.

पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडे अंग काढता यायचं नाही. मुळशीचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला कळेल. हवेतच इतकं पाणी की रेझिन फणसाच्या चिकासारखं चिकट राहायचं, वाळायचंच नाही. म्हणून पावसाळ्यात फक्त सांगाडे: लोखंडी नळ्या जोडून केलेली गाडीची हाडं. आणि दसऱ्यानंतर अंगं. पण दसऱ्यानंतर गावाला शेडीत कुणाला थांबायचं असणार? सगळ्यांचं भात कापणीला आलेलं. दोन सुग्या, एकच वेळ. साहेब कॅलेंडर समोर धरून बसायचे आणि आम्ही आभाळ बघत बसायचो.

त्या सांगाड्यांची वेल्डिंग म्हाळूची होती. त्याच्याविषयी नीट लिहायला हवं, कारण आजवर जे लिहिलं गेलं ते माझ्या तोंडचं आहे.

म्हाळू वरच्या धनगरवाड्यातला. माझ्याच वयाचा. लहानपणी आमच्या बांधावर मेंढरं बसवायला त्याचा बाप यायचा, तेव्हापासूनची ओळख. धरणाच्या दुरुस्तीच्या कामावर आलेल्या एका ठेकेदाराच्या हाताखाली तो वेल्डिंग शिकला. शाळा दुसरीपर्यंत. सही यायची, वाचायचं तर अक्षराला अक्षर लावत बसावं लागायचं. पण हात! त्याची सांध पाहिली की वाटायचं, बाजरीच्या कणसावर दाणे बसावेत तसं लोखंड बसलंय. एकसारखं, दाण्याला दाणा लागून. पुण्याहून आलेला एक इंजिनिअर सातव्या गाडीच्या सांगाड्यावर अर्धा तास बोट फिरवत बसला होता. म्हाळू लाजून बाहेर जाऊन बिडी ओढत उभा राहिला.

त्याची एक पद्धत होती. सांध्याला आधी नुसते टाके मारायचे, म्हणजे वाटाण्याएवढे दोन-तीन ठिपके, तुकडा जागेवर धरून ठेवण्यापुरते. पुरी सांध नंतर. जी सांध व्हायची राहिली असेल तिच्यावर तो खडूनं फुली मारायचा. झाली की फुली पुसायचा. आणि माझी पद्धत अशी: मी सांध तपासायची, वहीत त्या जागेपुढे त्याचं नाव आणि माझी सही, आणि सांगाड्यावर हिरव्या रंगाचा ठिपका. हिरवा ठिपका पडला की पेंटरनं रंग मारायचा. इतकी साधी गोष्ट होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुंबईत प्रदर्शन होतं आणि बारावी गाडी तिथं न्यायची होती. तिच्यावर पुढची सगळी उमेद. साहेबांचे भागीदार येऊन गेले होते, ते म्हणाले होते, ही दिसली पाहिजे आणि ही पळाली पाहिजे. आणि त्याच दिवसांत, माझं निम्मं भात कापून वाफ्यात पडलेलं आणि निम्मं उभं असताना, ताम्हिणीच्या बाजूनं काळं आभाळ वर आलं.

कापलेलं भात भिजलं तर जागच्या जागी कोंब फुटतात. शेडीत सगळ्यांना कळलं. जेवणाच्या सुट्टीत म्हाळूच म्हणाला, "नानाच्यात इर्जिक लावूया. उद्या समदी शेड रानात."

इर्जिक म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागतं. ज्याचं काम अडलंय त्याच्या रानात सगळ्यांनी मजुरी न घेता जायचं, त्यानं जेवण घालायचं, आणि पुढे ज्याचं अडेल त्याच्याकडे त्यानं जायचं. साहेब क्षणभर कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मीही येतो. मला विळा मिळेल का?"

त्या संध्याकाळी बाराव्या गाडीचा सांगाडा घोडीवर चढवलेला होता. सगळं झालेलं, फक्त मागच्या डाव्या चाकाचा कान राहिला होता. कान म्हणजे तळहाताएवढा लोखंडी तुकडा. चाक धरून ठेवणारा दांडा त्याच्यात अडकतो. त्याला दोनच टाके मारलेले होते. म्हाळूनं फुली मारली आणि म्हणाला, "सकाळी येऊन येवडं पुरं करतो, मंग येतो रानात."

मी म्हणालो, "आदी रानात ये. गाडी काय भिजत न्हाई."

हे माझंच वाक्य. त्याला हसू आलं, त्यानं गॅस बंद केला आणि तो गेला.

पेंटर पुण्याचा होता, आठवड्यातून एकदाच यायचा, आणि नेमका दुसऱ्या दिवशी येणार होता. शेडीत कुणीच नसणार. तो बिचारा रिकामा परत गेला तर आठ दिवस गेले. म्हणून मी बाराव्या सांगाड्यावर हिरवा ठिपका मारून ठेवला आणि वहीत सगळ्या जागांपुढे सह्या केल्या. डाव्या कानापुढेही केली. सकाळी शेडीवरून जाऊ, पेंटरला सांगू की एवढा कान सोड, असं मनाशी ठरवलं. सकाळी ढग आणखी खाली आले होते. मी सरळ रानात गेलो.

तो दिवस इतका चांगला गेला, हेच मला खुपतं. आठवण वाईट असती तर सोपं झालं असतं. तेवीस माणसं एका ओळीत, भलरीच्या गाण्याच्या तालावर पेंढ्या बांधल्या जात होत्या. साहेबांनी विळा उलटा धरला तेव्हा म्हाळू ओरडला, "साहेब, ह्याला बिरेक न्हाई, बोटं जपा!" साहेबांनी तासाभरात बोट कापून घेतलंच. माझ्या बायकोनं, हौसानं, त्यावर हळद दाबली आणि विचारलं, "साहेब, तुमच्या गाडीत भारा मावंल का वं?" साहेब म्हणाले, "एक पेंढी मावेल वहिनी. तीही मांडीवर घेतली तर." सगळे इतके हसले की ओळ मोडली. दुपारी शेरडाचं मटण, भाकरी, कांदा. पाऊस आला नाही. संध्याकाळी सगळे भारे खळ्यावर होते. दुसऱ्या दिवशी झोडणीला माणसं कमी पडत होती, तेव्हा मीच म्हाळूला म्हणालो, तू थांब. तो थांबला.

तिसऱ्या दिवशी तो शेडीत आला तेव्हा सांगाडा अथपासून इतिपर्यंत करडा झाला होता. पेंटरनं थिनरच्या बोळ्यानं पुसून, फुलीबिली सगळं घालवून, दोन हात मारले होते. म्हाळू सांगाड्यापाशी वाकून उभा होता. मी आत गेलो तसा त्यानं विचारलं,

"नाना, ह्या मागच्या कानाचं र्‍हायलं व्हतं न्हवं?"

त्या क्षणाकडे मी इतक्या वेळा परत गेलोय की तो झिजायला हवा होता. झिजत नाही. मला माहीत होतं का? डोक्याला माहीत नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पोटाला माहीत होतं. रंग खरवडावा लागला असता, पेंटर पुन्हा आठवड्यानं, साहेबांना सांगावं लागलं असतं की ठिपका मी आधीच मारला, सही आधीच केली. मी म्हणालो,

"आरं, तूच केलीस की. जायच्या आदी. ही बघ वही. तुजं नाव, माजी सही."

मी वही त्याच्यापुढे धरली. तो अक्षरं लावत बसला. आपलं नाव त्याला वाचता आलं. मग मान हलवून म्हणाला, "लिवलंय मंजी केलंच आसंल. इर्जिकीच्या घाईत ध्यानात र्‍हायलं न्हाई."

त्यानं स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला.

गाडी पूर्ण झाली. रंग पांढरा, काठावर निळी रेघ. प्रदर्शनाला चार दिवस होते तेव्हा साहेब ती घेऊन धरणाच्या बाजूच्या रस्त्यावर गेले. मी मागून जीपमध्ये होतो. पाण्याच्या कडेनं जाणाऱ्या एका लांब वळणावर टिटवीचं मागचं डावं चाक आत दुमडलं. आवाज मोठा नव्हता. गाडी रस्ता सोडून कापलेल्या भातखाचरात उतरली, बांधावर आपटली आणि उलटली. साहेबांचा कणा मोडला. ते जगले, पण पुन्हा उभे राहिले नाहीत.

त्यांना जीपमध्ये घालून नेल्यावर मी तिथंच थांबलो. गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं, असं मीच म्हणालो होतो. खाचरात भाताच्या बुडख्यांमध्ये तो कान पडलेला होता. उचलून बघितला. दोन टाके, तुटलेले, वाटाण्याएवढे. बाकी कड कोरी, गुळगुळीत, रंग मारलेली. मी तो टॉवेलात गुंडाळला आणि घरी नेऊन भाताच्या कणगीत तळाशी घातला. सांगाड्याकडची बाजू बांधाच्या दगडांवर घासून विद्रूप झाली होती. तिच्यावरून कुणाला काही कळलं नसतं.

चौकशीला भागीदार आले, त्यांच्याबरोबर एक इंजिनिअर. तुकडा सापडत नाही म्हणाले. वही मागितली. वहीत म्हाळूचं नाव होतं आणि माझी सही होती. मला विचारलं, तुम्ही तपासलं होतं ना? मी म्हणालो, "वरून सांध चांगली होती. आत पोकळ असेल. ते वरून कळत नाही."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही. म्हाळू दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभा होता, त्यानं ते ऐकलं. त्यानं आपला उजवा तळहात उघडून बघितला, जणू त्याच्यावर काही लिहिलेलं असेल. त्याच दिवशी त्याला काढलं. दोन महिन्यांत शेड बंद झाली. इस्पितळात साहेब मला म्हणाले होते, "म्हाळूनं असं कसं केलं हो, नाना?" मी त्यांची चादर नीट केली. साहेब पुढे बरीच वर्षं जगले आणि मी त्यांना दरवर्षी नव्या इंद्रायणीची पिशवी नेऊन देत राहिलो. ते उत्तर ऐकायला आता ते नाहीत.

माणूस गुन्हा करून वेडा होतो, असं म्हणतात. मी वेडा झालो नाही. मी शेती केली, मुलं शिकवली, खालची जमीन विकली, वरच्या खोल्या लवळ्याच्या कॉलेजातल्या पोरांना भाड्यानं दिल्या. चांगला झोपलो. दर सुगीला नवं भात कणगीत ओतताना मात्र तळाशी हात घालून तो कान बाहेर काढायचो, पुसायचो आणि भात भरून झाल्यावर पुन्हा आत सरकवायचो. एकदा हौसानं पाहिलं. "काय हाय ते?" मी म्हणालो, औताचा तुकडा. तिनं पुढं विचारलं नाही. माझ्या घरात औत होतं ते लाकडी होतं, हे तिला माहीत होतं.

या दिवाळीच्या आधी सूसहून एक मुलगी आली. ऋजुता तिचं नाव. हिंजवडीला कॉम्प्युटरचं काम करते आणि सुट्टीत जुन्या गाड्या दुरुस्त करते. भूगावला एका बिल्डरच्या प्लॉटवर, ताडपत्रीखाली, तिला सातवी टिटवी सापडली होती. लालच, पण रंग गेलेला. ती गाडीबद्दल बोलत होती आणि माझ्या परसातलं अर्धं अंग बघून ती कोंबड्यांसमोर गुडघ्यावर बसली, ओणवी होऊन आतून हात फिरवू लागली. "काका, तुम्हाला कल्पना नाहीये हे काय आहे! इंडियातल्या एवढ्या छोट्या कूपेची प्रॉडक्शन हिस्ट्री कुणी लिहिलीच नाहीये." ती लिहिते आहे. पुस्तक होणार आहे, फोटोंसह. तिला वह्या हव्या होत्या. आणि तिनं लिहिलेला भाग मला वाचून दाखवायचा होता, काही चुकलं असेल तर सांगा म्हणाली.

बरंच बरोबर होतं. मूर्तिकाराचं होतं, कार्ब्युरेटरचं होतं, नवव्या गाडीचं छप्परही होतं. शेवटी आलं: "अकुशल स्थानिक वेल्डरच्या सदोष कामामुळे बाराव्या गाडीला अपघात झाला आणि उत्पादन कायमचं थांबलं."

"हे कुठून मिळालं?" मी विचारलं.

"चौकशीचा रिपोर्ट होता ना, भागीदारांच्या मुलाकडे. तुमचंच स्टेटमेंट आहे त्यात. काका, हे चुकीचं आहे का?"

मी म्हणालो, वह्या शोधून ठेवतो, पुढच्या आठवड्यात ये. ती गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. चौकशीच्या कागदात नुसतं 'वेल्डर' होतं. 'अकुशल' आणि 'स्थानिक' हे तिनं घातलं असेल, किंवा आणखी कुणी. खोट्याला वर्षं मिळाली की त्याला असे शब्द आपोआप चिकटतात. सातव्या गाडीचा सांगाडा या पोरीनं बघितला असणार, त्यावरची कणसासारखी सांध बघितली असणार, आणि तरीही कागद बघून तिनं हे लिहिलं. तिला तरी काय म्हणू? म्हाळूनंही कागदच मानला होता.

हौसा तांदूळ निवडत होती. तिच्या पुढ्यात मी कान ठेवला आणि सगळं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं नाही. निवडता निवडता ऐकलं.

"लिवून देनार त्या पोरीला?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आन म्हाळूभावजी पुस्तकात वाचत्याल? त्यास्नी वाचाय कुटं येतंय?" मग एक खडा वेचून टाकत म्हणाली, "अवं, त्यांच्या म्होरं जावा आन तोंडानं सांगा. ह्या वयात कागदाच्या आड कशाला लपताय?"

धनगरवाड्याला आता निम्म्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. पुढचं चालत गेलो. म्हाळूच्या घराच्या बाजूला मेंढरांचा दगडी वाडा आहे, उरभर उंचीचा. शेडीतून काढलं त्याच वर्षी तो त्यानं एकट्यानं रचला होता. माझ्या रानात दोन दिवस राबलेला माणूस. इर्जिकीच्या रिवाजानं मला त्याच्याकडे उलटं जायचं होतं, आणि मी गेलो नव्हतो.

तो उन्हात बसला होता. चांगलाच वाळलाय. "कोन, नाना? ह्या वक्ताला वाट चुकलास जनू?"

मी टॉवेल सोडून कान त्याच्या हातात दिला. त्यानं तो फिरवला. अंगठा कडेवरून गेला, एकदा, दोनदा. त्याला मी काही सांगायच्या आधीच कळलं असावं, कारण अंगठा थांबला.

"दोनच टाकं हायेत."

"व्हय."

"हे बारा नंबरचं?"

"व्हय." मग मी सगळं सांगितलं. ठिपका, वही, टॉवेल, कणगी, "आत पोकळ असेल".

"मी इचारलं व्हतं तुला."

"व्हय."

"आन तू म्हनलास, केलंय."

"व्हय, म्हाळू."

तो मेंढरांकडे वळला. मग बोलला तेव्हा माझ्याशी बोलत होता असं वाटलं नाही. "मला वाटायचं, हात गेला. वरनं बरं दिसतंय आन आत पोकळ, आसा हात झाला आपला. पोरगं म्हनायचं, बाबा, मशीन आनू, गावात लई काम हाय. म्या न्हाई म्हनलं. कुनाचं तरी पोर मरंल म्हनलं." त्यानं वाड्याच्या दाराकडे हनुवटी केली. दोन लोखंडी पत्र्यांचं दार, बिजागरी नाही, दगडी खांबाला तारेनं बांधलेलं. "ते दारसुदीक जोडलं न्हाई. बांदलं."

तालुक्यातला सगळ्यात चांगला वेल्डर, आणि छत्तीस वर्षं त्यानं स्वतःच्या मेंढरांचं दार तारेनं बांधलं.

मी म्हणालो, मी त्या मुलीला सगळं लिहून देणार आहे, तुझं नाव साफ होईल. तो म्हणाला, "आदी मला वाचून दाव."

म्हणून मी हे लिहिलं आणि काल पुन्हा वर गेलो. दगडावर बसून अथपासून वाचलं. इर्जिकीच्या भागाला तो एकदा हसला, साहेबांच्या बोटापाशी. सातव्या गाडीच्या इंजिनिअरपाशी म्हणाला, "आर्दा तास न्हाई, पाऊन." मी दुरुस्त करू का विचारलं, राहू दे म्हणाला. शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं की माझ्या हातून मोठी चूक झाली. तिथं त्यानं हात वर केला.

"चूक कशाला? चूक मानूस न कळत करतंय. ठिपका मारलास ती चूक. मी इचारल्यावर खोटं बोललास. तसं लिव्ह."

मी पेन काढलं आणि त्याच्यासमोर ते वाक्य खोडलं. म्हणून इथं लिहितो: बाराव्या टिटवीच्या मागच्या डाव्या कानाची सांध म्हाळूनं कधी केलीच नव्हती. ती राहिली आहे ना, असं त्यानं विचारलं होतं. मी खोटं बोललो, आणि नंतर पुरावा लपवून पुन्हा खोटं बोललो. बारा सांगाड्यांवर त्याच्या हातच्या जेवढ्या सांधी आहेत, त्यातली एकही पोकळ निघालेली नाही. ऋजुताला मी कान दिला आहे. ती त्याला येत्या रविवारी भूगावला सातवी गाडी दाखवायला नेणार आहे. मला चल असं त्यानं म्हटलं नाही.

माफीचं मी काही विचारलं नाही आणि त्यानं काही म्हटलं नाही. मेंढरं आत घ्यायची वेळ झाली होती. शेवटची मेंढी आत गेल्यावर त्यानं दार ओढलं, खिशातून तार काढली आणि खांबाभोवती गुंडाळायला लागला. मी उतरणीला लागलो होतो, पण वळून पाहिलं. चार वेढे. दाण्याला दाणा लागून, एकसारखे.